बाईंचे रशियन

रत्नागिरीत लोकरीचा कोट ही वस्तू कुणालाच लागत नाही. थंडी म्हणून जी काही असते ती पौषात पहाटे थोडा वेळ येते आणि तिला एक सुती चादर पुरते. बाईंकडे मात्र लोकरीचे सहा कोट होते. गुडघ्याच्या खाली जाणारे, इतके जड की एक उचलायला दोन्ही हात लागत. शिवाय सात सदरे, चार विजारी, खलाशाचा एक निळा डगला आणि टोप्या. सगळे रशियन लष्करातले, कुणीतरी वापरून जुने केलेले.

बाई म्हणजे आमच्या शिवणवर्गाच्या मुख्य शिक्षिका. मी गुहागरची. रत्नागिरीत मावशीकडे राहून ह्या वर्गात भरतकाम शिकवायला लागले ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. मी तेवीस वर्षांची आणि बाई पन्नाशीला टेकलेल्या. पहिल्या दिवशी मी नमस्कार केला, तर त्यांनी नमस्कार न घेता माझ्या ब्लाउजच्या बाहीची कड बोटांनी उलटी करून बघितली. ब्लाउज माझ्या अंगात होता.

"कुणी शिवला?"

"मीच."

"आतून कच्चा ठेवलायस."

मी ओशाळले. बाई म्हणाल्या, "सरळ बाजू लोकांसाठी असते गो. उलटी आपल्यासाठी." आणि हजेरी घ्यायला निघून गेल्या.

हे त्यांचं सगळ्यांशीच चाले. लग्नाला गेल्या तर नवरीच्या शालूचा काठ उलटा करून बघायच्या. एका विद्यार्थिनीला बघायला आलेल्या मुलाबद्दल तिच्या आईने बाईंचं मत विचारलं, तर बाई म्हणाल्या, "मुलगा बरा दिसतो. विजारीची शिवण मात्र उसवलेली होती आणि आईला ठाऊक नव्हतं. त्या घरात एकमेकांकडे कोण बघत नाही." ते लग्न झालं नाही. त्यात बाईंचा किती हात होता ते मला माहीत नाही.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. खालच्या आळीत दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन, मागच्या खोलीत खाट, स्वयंपाकाचा ओटा आणि तीन पत्र्याच्या ट्रंका. ट्रंकांत रशियन. बाई त्या कपड्यांना 'गणवेश' कधी म्हणाल्या नाहीत. "रशियनांना ऊन दाखवायचंय, रविवारी ये," असं म्हणायच्या.

हे सुरू कसं झालं ते मी त्यांच्याकडून बऱ्याच वेळा ऐकलं. खाडीकाठच्या राजिवड्यातला इकबाल बोटीवर खलाशी होता. त्याच्या घरचे कपडे बाई शिवत. एकदा तो सफरीवरून परतला तो ओडेसाच्या बंदरातून घेतलेला एक कोट खांद्यावर टाकून. जीनची एक पँट आणि च्युइंगमची पाकिटं देऊन त्याने तो कुणा माणसाकडून घेतला होता. कमरेपर्यंत कापून त्याचं जाकीट करून द्या म्हणाला.

बाईंनी कोट टेबलावर पसरला, मापं घेतली, खडूने रेघ मारली आणि कात्री लावण्याआधी सवयीने खालची कड उलटी केली. तिथे दुमड नव्हती. कापड सरळ कापून तसंच सोडलेलं होतं, कच्चं, आणि तरी एकही धागा सुटलेला नव्हता. बाईंनी नखाने ओढून बघितलं. सुटेना. लोकर इतकी घट्ट दाबलेली की दुमडीची गरजच नाही. मग त्यांनी पुढची बटणं बघितली, तर ती नुसती शोभेची, खरी पकड आतल्या हुकांची. पाठीवर खोल चुणी, ती सोडली की कोटाचं पांघरूण व्हावं अशी.

"दोन तास बघत बसले," बाई सांगायच्या. "इकबाल संध्याकाळी आला. त्याला म्हटलं, मी ह्याला कात्री लावणार नाही. तुला दुसऱ्या कापडाचं जाकीट शिवून देते, हा मला ठेव."

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, बाई, असले तिकडे ढिगाने मिळतात. पुढच्या वेळी आणू?"

तसं ते वाढलं. इकबाल आणायचा, त्याच्या ओळखीचे आणखी दोघे-तिघे खलाशी आणायचे. बदल्यात बाई त्यांच्या बहिणींचे ब्लाउज, पोरांचे शाळेचे शर्ट शिवून द्यायच्या. एकच अट होती. आणताना अंगात घालायचं नाही, धुवायचं नाही, काही दुरुस्त करायचं नाही. जसं असेल तसं आणायचं.

लष्करात त्यांना काडीचा रस नव्हता. कुठली खूण कुठल्या हुद्द्याची, कुठला रंग कुठल्या पलटणीचा, काही ठाऊक नव्हतं. खांद्यावरच्या पट्ट्या त्यांनी ठेवल्या, कारण त्या शिवलेल्या होत्या. टोपीवरचे तारे आणि छातीवरचे बिल्ले नुसते टोचलेले म्हणून आळीतल्या पोरांना वाटून टाकले. कॉलेजातले एक प्राध्यापक रशियाबद्दल फार आत्मीयतेने बोलत. ते एकदा मुद्दाम बाईंकडे आले.

"तुम्हाला ह्या विचारसरणीचं आकर्षण केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"विचारसरणीचं नाही हो," बाई म्हणाल्या. "बाहीचं. ही बाही बघा, खांद्यापाशी चुणी नाही की ओढ नाही. हात वर करून बघा तुम्ही."

प्राध्यापकांना तो कोट घालून हात वर करावे लागले. एप्रिल महिना होता. ते परत आले नाहीत.

त्यानंतर कुणीतरी पोलिसांत कळवलं की एका बाईकडे परदेशी सैन्याचं सामान आहे. एक हवालदार आले. शांत होते बिचारे. यादी करावी लागेल म्हणाले. बाईंनी त्यांना चहा दिला आणि सांगायला सुरुवात केली. "लिहा. कोट पहिला. पाठ तीन भागांची, बगलेत कळी नाही, अस्तर कमरेपर्यंत, काजं हाताची."

हवालदारांनी थोडं लिहिलं, मग पेन थांबवलं. "बाई, ह्यात काही हत्यार वगैरे?"

"सुया आहेत तीन. दाखवू?"

त्यांनी कागदावर 'जुने गरम कपडे, ट्रंका तीन' असं लिहिलं, बाईंची सही घेतली आणि गेले.

त्या सुयांची गोष्ट सांगायला हवी. इकबालने एकदा एक टोपी आणली होती, होडीच्या आकाराची, दोन्ही बाजूंनी चपटी. बाईंनी अर्थातच ती उलटी केली, तर आतल्या घडीत तीन सुया खोचलेल्या. एकीला पांढरा दोरा, एकीला काळा, एकीला हिरवट. दोरे सुईभोवती आठाच्या आकड्यासारखे गुंडाळलेले. मी तेव्हा तिथेच होते. बाईंनी ती टोपी इतकी हळू खाली ठेवली की मला वाटलं, काही चावलं की काय त्यांना.

"ह्या कुणाच्या रे?"

"ज्याची टोपी त्याच्या," इकबाल म्हणाला. "बाई, तिकडे सगळे शिपाई शिवतात. सदऱ्याच्या कॉलरीला आतून पांढरी पट्टी असते ना, ती रोज मळते. रोज उसवायची, रोज स्वच्छ लावायची. सकाळी रांगेत उभे केले की साहेब कॉलर बघतो."

"पुरुष शिवतात?"

"पुरुषच."

"आणि पट्टी वाकडी लागली असली तर?"

"तर साहेब खेचून फाडतो. बोलतो, परत शीव."

बाई इतक्या खूश झालेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. त्याही हेच करायच्या. मुलीने दिवसभर खपून घातलेली तुरपाई वाकडी दिसली की एका झटक्यात उसवून परत द्यायच्या. त्यामुळे मुली घाबरून असत. आता त्यांना जगाच्या दुसऱ्या टोकाला आपल्यासारखा एक साहेब आणि लाखो विद्यार्थी सापडले.

तेव्हापासून त्या कपड्यांवरच्या दुरुस्त्या तपासायला लागल्या. ठिगळं, रफू, परत लावलेली बटणं. एका वहीत प्रत्येक कपड्याला शंभरापैकी मार्क दिलेले असत. 'ठिगळ चौकोनी, कोपरे नीट, ८१.' 'बटण घाईत लावले आहे, ५४.' एका सदऱ्याच्या काखेतलं रफू त्यांनी मुलींना भिंगातून दाखवलं होतं. "हा पोरगा आईला सोडून लांब कुठेतरी बसून हे करत होता," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला घरी पंख्याखाली बसून जमत नाही."

कपडे जपणं मात्र कठीण. आमच्याकडे पावसाळ्यात चामड्याची चप्पल आठ दिवसांत हिरवी होते, तिथे लोकर काय टिकणार! जून ते सप्टेंबर बाई दर दोन दिवसांनी शेगडीत करवंट्यांचे निखारे करायच्या, त्यावर वेताची मोठी टोपली पालथी घालायच्या आणि टोपलीवर एकेक रशियन पसरायच्या. बाळंतिणीच्या घरी दुपटी सुकवतात तसे. मग दसऱ्याच्या सुमारास दोर बांधून सगळ्यांना ऊन. त्या कामाला मी असायचेच.

इकबालने शेवटचा कोट आणला तो असाच एका रविवारी. उंच, हसरा मुलगा, तिशीच्या आतबाहेर. बाईंनी कोट हातात घेतल्याबरोबर डाव्या कोपरापाशी फाटलेलं आणि शिवलेलं दिसलं. दोरा जाड, काळा, गोणपाट शिवतात तसला. टाके लांब, एकमेकांवर चढलेले.

"अरे, हे काय!" बाई म्हणाल्या. "हा रशियन आंधळा होता काय? आणि डावखुरा. बघ गो, टाका डावीकडून उजवीकडे गेलाय. ह्याच्या साहेबाने ह्याला चालवून कसा घेतला?"

इकबाल हसला. "असेल बाई," म्हणाला.

"असेल काय, आहेच. अठ्ठावीस मार्क. तेही कोट छान आहे म्हणून."

दुसऱ्या दिवशी तो कोट वर्गात आला. कसं शिवू नये ह्याचा नमुना म्हणून बाकांवरून फिरला. मुली हसल्या. मीही हसले.

इकबाल पुढच्या सफरीवर गेला आणि परत आला नाही. कुठल्याशा बंदरात माल उतरवताना शिडीवरून बोटीच्या तळात पडला. तिकडेच दफन केलं. घरी आली ती एक बॅग, त्यात थोडे कपडे, दाढीचं सामान आणि बहिणीसाठी घेतलेली अत्तराची बाटली. बाई राजिवड्याला जाऊन आल्या. काय बोलल्या ते मला सांगितलं नाही. वर्गात आठवडाभर कुणाचं काही उसवलं नाही, एवढं माझ्या लक्षात आहे.

पाऊस संपला. आम्ही अंगणात दोर बांधून रशियन वाळत घातले होते, तेव्हा इकबालची आई आली. एकटीच, डोक्यावरून पांढरी ओढणी. बाईंनी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. दोराकडे गेली आणि एकेक कोट बघत चालू लागली. चौथ्या कोटापाशी थांबली. डावी बाही हातात घेतली, कोपरापाशी वळवली.

"हाच," ती म्हणाली. "हा मला द्या."

बाई म्हणाल्या, "भाभी, इकबालने आणलेले आणखी दोन आहेत. हा फाटका आहे."

"फाटका म्हणूनच. हे शिवलंय ते माझ्या पोराने."

"नाही हो. ते कुणा रशियनाचं. डाव्या हाताचा टाका आहे तो."

"इकबाल डावाच होता," ती म्हणाली. "तुमी बघितला नाय?"

दहा-बारा वर्षं तो मुलगा बाईंकडे येत होता. चहाचा कप घेत होता, पिशव्या उचलून देत होता. बाईंनी त्याच्या कपड्यांची प्रत्येक शिवण बघितली होती. हात बघितले नव्हते. मीसुद्धा.

तरी बाईंनी कोट दिला नाही. हे मला लिहायला आवडत नाही, पण तसं झालं. त्या म्हणाल्या, "भाभी, तुमच्या घरामागे खाडी. एका पावसाळ्यात कसर लागेल, बुरशी धरेल. इथे नीट राहील. वाटेल तेव्हा या, हात लावा. तुमचाच समजा."

"माझाच समजू तर इथं कशाला ठेवू?" इकबालची आई म्हणाली. रागाने नाही. ओढणी सारखी केली आणि गेली.

मी बाईंकडे बघितलंच नाही. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी कपड्यांच्या घड्या करत राहिलो. तो एक कोट बाईंनी दोरावरून काढला नाही. मीच काढून खुर्चीवर ठेवला. निघताना मला राहवेना. "बाई, देऊन टाकायला हवा होता," म्हटलं. त्या म्हणाल्या, "मला कळतं ते. तू जा."

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्यांनी मला हाक मारली. "चल माझ्याबरोबर." कोट वर्गात आणलेलाच होता, जुन्या साडीत गुंडाळून. मी धरते म्हटलं तर देईनात. खालच्या आळीतून राजिवड्यापर्यंत उन्हातून त्या दोन्ही हातांवर तो कोट घेऊन चालल्या. घाम कोपरांवरून गळत होता. वाटेत कुणीतरी विचारलं, "काय बाई, एवढं काय नेताय?" त्या म्हणाल्या, "इकबालचा कोट."

घर लहानसं, खाडीला पाठ करून उभं. इकबालच्या आईने आम्हाला खाट दाखवली आणि स्वतः समोर बसली. बाईंनी कोट तिच्या मांडीवर ठेवला आणि बसल्या नाहीत. उभ्यानेच, वर्गात विद्यार्थिनी उभी राहते तशा, म्हणाल्या, "भाभी, मी ह्या टाक्यांना अठ्ठावीस मार्क दिले होते. आंधळा म्हटलं होतं. त्याच्या तोंडावर."

इकबालच्या आईने कोपरावरचा दोरा अंगठ्याने चाचपला. "ठाऊक हाय मला. घरी येऊन हसत सुटला होता. मां, बाईंनी मला नापास केलं, बोलला." तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "अठ्ठावीस जास्त दिलेत तुमी. मी वीस दिले असते."

बाई खाली बसल्या. "मला सांगितलं का नाही त्याने?"

"तुमची अट होती ना, घालायचा नाय म्हणून. तिकडे डेकवर बर्फ पडत होता. रात्रपाळीला घातला ह्याने, लोखंडाला अडकून फाटला. बोलला, बाईंना कळलं तर पुढच्या टायमाला आणू देणार नाय."

"कुडकुडत राहा असं नव्हतं हो म्हटलं मी," बाई म्हणाल्या. मग डोळ्यांना पदर लावला. इकबालच्या आईने त्यांना रडू दिलं. स्वतः रडली नाही, कोट घट्ट धरून बसली.

थोड्या वेळाने चहा आला. बाईंनी विचारलं, "त्याला शिवायला कुणी शिकवलं?"

"मीच. बोटीवर जायचा होता, बटण तरी लावता यायला नको? उजव्या हातात सुई दिली की पोरगा दुसऱ्या हातात घ्यायचा. दोन फटके दिले. परत तेच. मग बोल्ली, शीव बाबा, तुझा हात हाय."

बाईंनी कप खाली ठेवला. निघताना करवंट्यांच्या निखाऱ्यांवर कोट कसा शेकायचा ते मात्र नीट समजावून सांगितलं, टोपली किती उंच असावी तेही हाताने दाखवलं. पुढच्या पावसाळ्यात त्या स्वतःच दर आठवड्याला पिशवीत करवंट्या घेऊन राजिवड्याला जायच्या. दोघी शेगडीपाशी बसून काय बोलत असतील, मला माहीत नाही. कोट टिकला, हे माहीत आहे.

बाकीचे रशियन ट्रंकांतच राहिले. खलाशी अधूनमधून आणत राहिले, बाई घेत राहिल्या. अट तेवढी काढून टाकली. आणि मार्कांची वही मी त्यानंतर पाहिली नाही.

आमच्या वर्गात तोवर एक नियम होता, कुठे लिहिलेला नव्हता पण कडक. मुलगी डावखुरी असली तरी सुई उजव्याच हातात. बाईंचं म्हणणं, टाका सगळ्यांचा एका दिशेला गेला पाहिजे. नव्या मुलीने सुई चुकीच्या हातात धरली की बाई जवळ जाऊन, न बोलता, ती काढून दुसऱ्या हातात देत.

कोट राजिवड्याला देऊन आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत गेले, तर बाई खिडकीपाशी मांजरपाटाचा तुकडा घेऊन बसलेल्या. सुई डाव्या हातात. साधा धावदोरा घालत होत्या आणि तो जमत नव्हता. टाका कुठे लांब, कुठे तोकडा, कापड गोळा झालेलं. उजव्या हाताच्या बोटाला तीन-चार ठिकाणी टोचून रक्ताचे ठिपके आले होते. मी बघत उभी राहिले.

"अर्धा तास झाला," त्या मान वर न करता म्हणाल्या. "बोटं ऐकत नाहीत. खांदासुद्धा दुखायला लागला."

"मग सोडा ना बाई."

"तीस वर्षं मी पोरींना हेच करायला लावलं गो," त्या म्हणाल्या. "आणि एकीनंसुद्धा तोंड उघडलं नाही."

घंटा झाली. बाईंनी तो तुकडा उसवला नाही. पुढचा टाका घातला, तोही वाकडा गेला, आणि त्या त्याच्या पुढचा घालायला लागल्या.